शिरा न खाण्याचा सेन्सिबल निर्णय

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा प्रकार सांगितला तेव्हा आमच्या साडूच्या नाकातून चहा आला आणि बिचाऱ्याचा पांढरा शर्ट वाया गेला. ठेवला? मग ऐका. शहाणपणाच्या नादात माणूस किती मूर्खपणा करू शकतो, त्याचा नमुना तुमच्यासमोर बसलेला आहे.

मी मूळचा उतावळा. चांदूर बाजारच्या रस्त्याला आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि राहायला आम्ही अमरावतीत. कलम एकदा बांधलं की ते आपल्या गतीनं वाढतं, आपण फक्त धीर धरायचा. पण मी रोज सकाळी वाफ्यांमधून फेऱ्या मारतो, जणू माझ्या चालण्यामुळे ते लवकर वाढणार आहे. बसस्टँडवर मला बाकड्यावर बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत माझं जेवण होतं तेव्हा शेजारच्याचा वरणभात चालू असतो. आमच्या सौभाग्यवती, म्हणजे शोभा, म्हणतात, "तुमच्या आंगात मुंग्या हायत." असतील बुवा.

तर आमची पल्लवी. एकुलती एक. फार्मसी शिकलेली, नोकरीला लागलेली, आणि लग्नाच्या बाबतीत महा चिकित्सक. पाच स्थळं तिनं नाकारली. कोणाचं बोलणं आवडलं नाही, कोणाचं न बोलणं आवडलं नाही. मग सहावा आला निखिल. अकोल्याचा मुलगा, पुण्यात कंपनीत. तो आणि त्याचे आईवडील आमच्याकडे येऊन पल्लवीला पाहून गेले, आणि दारातच सांगून गेले की पोट्टी आमाले पसंत हाय. पोरं फोनवर बोलायला लागली. पल्लवी गच्चीवर जाऊन बोलायची आणि हसत हसत खाली यायची. पोरीला इतकं हसताना मी दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. मला एवढं बरं वाटायचं की मी उगाच गच्चीच्या जिन्याखाली फेऱ्या मारायचो.

आता एकच गोष्ट राहिली होती. मुलीकडच्यांनी, म्हणजे आम्ही, अकोल्याला जाऊन त्यांचं घर पाहायचं. आम्ही हो म्हटलं की साखरपुड्याची तारीख.

पण मला एक काळजी लागली. निखिल घरी आला होता तेव्हा त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो दहा मिनिटं इंग्रजीत बोलला. त्यातलं मला फक्त 'ओके' कळलं. म्हटलं, उद्या हा जावई झाल्यावर याच्याशी मी बोलू काय? दुसऱ्याच दिवशी मी राजकमल चौकाजवळच्या एका इंग्रजी बोलण्याच्या क्लासला नाव घातलं. सर माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. बाकीची पोरं मला आधी शिपाई समजली.

सरांची पद्धत अशी, की आठवड्याला एकच शब्द. पण तो रोज दहा वाक्यांत वापरायचा. वहीत लिहून नाही, चारचौघांत, खऱ्या बोलण्यात. आणि वाक्य झालं की वहीत एक खूण. घर पाहायला जायच्या आठवड्यात शब्द निघाला सेन्सिबल. सर म्हणाले, "ज्याला बरंवाईट समजतं, जो घाई करत नाही, जो विचार करून वागतो, तो सेन्सिबल. शूज सेन्सिबल असतात, खाणं सेन्सिबल असतं, निर्णय सेन्सिबल असतो."

मी थरारलोच. माझ्यात जे जे नाही ते सगळं एका शब्दात! पन्नास वर्षं हा शब्द होता कुठं?

मग काय, सोमवारपासून सुरू. एक गिऱ्हाईक कलमं न्यायला आलं. म्हणालं, दोन झाडांत किती जागा सोडू? मी म्हणालो, "सेन्सिबल जागा सोडा."

"म्हंजे किती फूट?"

"अठरा."

"मंग अठराच म्हना नं, काका."

घरी शोभाला म्हटलं, "आज भाजीत मीठ सेन्सिबल हाय."

"कमी झालं का जास्त?"

"बरोबर हाय."

"मंग तुमाले बरोबर म्हनता नाई येत काय?"

दूधवाला, शेजारी, न्हावी, कोणालाही सोडलं नाही. शनिवारपर्यंत एकाही दिवशी खूण चुकली नाही. पोरांच्या क्लासमध्ये मीच एकटा असा, की ज्याचा गृहपाठ पुरा. त्याची माझ्या डोक्यात किती हवा गेली असेल ते तुम्ही समजून घ्या.

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं अकोल्याला निघालो. घर पाहायला जाताना मुलगी सोबत नसते, त्यामुळे पल्लवी घरीच. निघताना तिनं माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, "बाबा, तिकडे जास्त बोलू नका."

मी म्हणालो, "मी काय लहान पोरगा हाय?"

पायरीवर उभी राहून शोभानं फक्त माझ्या खिशातल्या वहीकडे पाहिलं.

अकोल्यात स्वागत जोरात झालं. निखिलचे वडील वसंतभाऊ शांत माणूस. तेल्हाऱ्याकडे शेती, अकोल्यात हे घर. निखिलच्या आई पुष्पाताई मोकळ्या, मोठ्या आवाजाच्या. निखिल पुण्यात होता. म्हणजे ज्याच्यासाठी मी इंग्रजी शिकलो तो घरातच नव्हता. पण माझी दहा वाक्यं बाकी होती आणि सोमवारी क्लास होता. मी ठेवणीतली पुस्तकी मराठी काढली आणि सोफ्यावर ताठ बसलो.

पुष्पाताईंनी विचारलं, "चहात साखर किती टाकू, भाऊ?"

"बिलकुल नको. या वयात माणसानं सेन्सिबल राहिलेलं बरं."

"बरं," म्हणाल्या, आणि आत जाऊन बिनसाखरेचा घेऊन आल्या. मला साखरेचा कसलाही त्रास नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो. तो चहा मी दोन घोट पिऊन ठेवून दिला. अगदीच कडू होता.

मग वसंतभाऊंनी घर दाखवलं. वरच्या मजल्यावर पोरांसाठी नवी खोली काढली होती. भिंतींना फिकट निळा रंग, वर छताला नक्षी, नक्षीत दिवे. शांत माणूस, पण दिवे लावून दाखवताना त्यांचा चेहरा खुलला. "रंग पल्लवीले इचारून देला. निखिलनं फोनवर इचारलं तिले. कसं वाटलं घर?"

लय मस्त म्हणायचं, बाकी काय म्हणायचं होतं? पण मी म्हणालो, "घर एकदम सेन्सिबल आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे फालतू काही नाही. जेवढ्यास तेवढं."

वसंतभाऊंनी एकदा नक्षीकडे पाहिलं आणि दिवे बंद केले.

खाली आलो. मी मनात मोजत होतो. इकडचंतिकडचं बोलताना अजून चार वाक्यं बसवली. शेजार सेन्सिबल, खिडक्या सेन्सिबल, अकोल्याच्या उन्हात पांढरा शर्ट सेन्सिबल, जेवणानंतर झोपणं सेन्सिबल. पुष्पाताई एकदा हळूच नवऱ्याला विचारताना मला ऐकू आल्या, "हे काय म्हनून राहिले?" वसंतभाऊंनी खांदे उडवले. मी खुशीत.

वसंतभाऊ म्हणाले, "साखरपुड्याले जवळचाच मुहूर्त धरू म्हन्तो."

"अशा गोष्टीत घाई सेन्सिबल नाही," मी म्हणालो. मी! ज्याला बसस्टँडवर बसवत नाही तो! शोभाला जोरात ठसका लागला. मला वाटलं, तिच्या चहात साखर जास्त पडली असेल.

आणि मग शिरा आला.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. आमच्याकडे सोयरिकीच्या बोलण्यात 'नाही' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. तोडायचं ते न बोलता तोडायचं, कोणाचं मन दुखवायचं नाही. मुलीकडचे घर पाहायला आले की शेवटी गोड समोर येतं. पसंत असेल तर बशी चाटूनपुसून साफ. पसंत नसेल तर 'पोट भरलं'. आणि अगदीच स्पष्ट सांगायचं झालं, तर एक वाक्य आहे, 'घरी जाऊन विचार करून सांगतो'. हे वाक्य ऐकलं की समोरचा समजतो, मामला खतम. त्यानंतर ना हे फोन करत, ना ते. आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला हे माहीत नव्हतं काय? माहीत कसं नसेल! त्या पाचांपैकी तिघांच्या घरी मी स्वतःच्या तोंडानं हे वाक्य बोलून आलो होतो.

पण त्या घडीला माझी सात वाक्यं झाली होती आणि तीन राहिली होती. माणसाच्या डोक्यात एका वेळी किती मावणार?

शिरा तुपानं चमकत होता. वर काजू, बेदाणे. पुष्पाताईंनी बशी माझ्या हातात दिली. मी ती अलगद टेबलावर ठेवली, वर दोन बोटांनी थोडी पुढे सरकवली, आणि म्हणालो, "नको. गोड टाळणं हेच सेन्सिबल खाणं."

पुष्पाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

वसंतभाऊ पुढे सरकून बसले. "मंग भाऊ," ते जपून म्हणाले, "कसं करू म्हन्ता?"

आणि मी, मांडीवर मांडी टाकून, सरांच्या आवाजात म्हणालो, "सेन्सिबल माणूस असा लगेच निर्णय घेत नाही. घरी जातो, शांतपणे विचार करतो, आणि मग कळवतो."

"इचार करून?"

"अर्थात. विचार करून सांगतो."

शोभा म्हणाली, "अवो भाऊ, तसं नाई, यायच्या बोलन्याचा अर्थ असा का..."

"मला बोलू दे," मी तिला थांबवलं.

शोभाच्या हातात शिऱ्याचा चमचा होता, अर्ध्यात. नवरा सोयरीक मोडतो आणि बायको शिरा खाते, हे बरं दिसतं का? तिनं चमचा खाली ठेवला. न खाल्लेल्या बशा एकीच्या दोन झाल्या. पुष्पाताईंनी दोन्ही उचलल्या आणि आत गेल्या.

वसंतभाऊ उठले. "गाडी कितीची हाय तुमची?" आमच्याकडे हे वाक्यही उगाच कोणी विचारत नाही.

"आहे अजून वेळ. पण सेन्सिबल माणूस वेळेच्या आधी निघतो." दहा! दारात मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला तेव्हा माझा चेहरा इतका हसरा होता म्हणे, की पुष्पाताई नंतर शेजारणीला म्हणाल्या, नाई म्हनून एवढं खूश होनारा मानूस पहिल्यांदा पाहिला.

गाडीत बसल्या बसल्या मी वही काढली आणि शोभाला दाखवली. "पाह्य, दहाच्या दहा."

शोभा खिडकीबाहेर पाहत होती. बोरगाव गेलं तरी खिडकीबाहेरच. मला वाटलं, पोरगी आता परक्या घरी जाणार म्हणून तिचं मन भरून आलं असेल. मीही जरा हळवा झालो. म्हणालो, "मानसं चांगली हायत."

तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी.

"बाबा, काहून नाई म्हटलं तुमी?"

"मी कवा नाई म्हटलं?"

"निखिलच्या आईनं त्याले सांगतलं. तुमी चहा ठेवून देला, शिरा सरकवला, अन् इचार करून सांगतो म्हटलं. निखिल मले म्हन्ते, तुझ्या घरच्यांच्या मनात नाई तं मी काय करू?" ती रडायला लागली. फोन बंद झाला.

मी वही हातात धरून तसाच बसलो. पाच स्थळं नाकारणाऱ्या पोरीला एक पोरगा आवडला होता, आणि तो मी घालवला होता. कशापायी? वहीतल्या दहा खुणांपायी.

"शोभा," मी म्हणालो, "त्यायनं असं कसं समजून घेतलं?"

शोभानं आता तोंड इकडे केलं. "त्या यवतमाळच्या पोराच्या घरी आपन गेलो होतो. तवा तुमी त्यायले काय म्हटलं होतं?"

"इचार करून सांगतो म्हटलं होतं."

"मंग काय सांगतलं?"

"काईच नाई."

"काहून?"

"आपल्याले तो पोरगा पसंत नव्हता म्हनून."

"मंग," शोभा म्हणाली, आणि परत खिडकीकडे वळली. थोड्या वेळानं खिडकीलाच म्हणाली, "भैताड." त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं.

वसंतभाऊंना फोन लावला. उचलला नाही. परत लावला, उचलला नाही. मी उठून उभा राहिलो. कंडक्टरला म्हणालो, "गाडी थांबवा."

"मूर्तिजापूर येऊनच राहिलं, काका. जरा दम धरा."

"आज दम धरला म्हनून तं हे झालं ना!"

मूर्तिजापूरला उतरलो तेव्हा अकोल्याची गाडी सुटत होती. मी तिच्यामागं धावत सुटलो, आणि शोभा दोन्ही पिशव्या घेऊन माझ्यामागं. चढलो एकदाचे, पण जागा नव्हती. जागा असती तरी मी कुठं बसणार होतो? तासभर मी दोन दांड्यांच्या मध्ये येरझारा घातल्या. कंडक्टर म्हणाला, "काका, असं चाललं म्हनून गाडी लवकर जाते काय?" हा प्रश्न मला घरीदारी कलमांच्या बाबतीतही विचारला जातो.

अकोल्याला ऑटो केला. दुपारचे चार वाजत आले असतील. पुष्पाताईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. "अवो भाऊ, तुमी? काई राहिलं काय इथं?"

"शिरा राहिला," मी म्हणालो.

"काय?"

"माझा शिरा. तो द्या मले."

"शिरा तं आता शेजारच्या लेकराईले वाटला, भाऊ. तुमी दोघंई नाई म्हनून गेले ना."

दारात असं उभं राहून समजावत बसलो, तर आधीच वाकडं झालेलं अजून वाकडं होणार. तेवढ्यात आत टेबलावर चहाच्या ट्रेमध्ये साखरेचा डबा दिसला. मी सरळ आत गेलो, डब्याचं झाकण काढलं आणि मूठभर साखर तोंडात कोंबली. वसंतभाऊ दुपारच्या झोपेतून उठून बनियनवर बाहेर आले, ते आतल्या दाराच्या उंबऱ्यावरच थांबले. आपल्या घरात सकाळी विचार करून सांगतो म्हणून गेलेला माणूस दुपारी उभ्या उभ्या साखर खाताना दिसला, तर तुम्ही तरी काय केलं असतं?

"घर लय मस्त हाय," मी तोंड भरलेलं असतानाच सुरू झालो. पुस्तकी मराठी मूर्तिजापूरलाच उतरली होती. "नक्षी मस्त, दिवे मस्त, निळा रंग तं लयच मस्त. पोरगा हिरा हाय. मी नाई म्हटलंच नाई, वसंतभाऊ. मी इंग्रजीचा क्लास लावला, त्यायनं एक शब्द देला, त्या शब्दाच्या पायी मी पागल झालो. इचार नाई करायचा मले. अजिबात नाई करायचा. मुहूर्त उद्याचा धरा, आजचा धरा." अजून एक मूठ साखर खाल्ली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही ठसक्याचं नव्हतं. "पोरगी रडून राहिली घरी. तिचा यात काईच दोष नाई."

वसंतभाऊंनी माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि पाण्याचा ग्लास दिला.

पुष्पाताई मात्र माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहत होत्या. शर्टावर साखर, मिशीत साखर. बराच वेळ पाहून झाल्यावर त्या शोभाकडे वळल्या.

"वहिनी, पोट्टी तं आमाले तवाच पसंत होती अन् आताई हाय. पन एक गोष्ट खरी सांगा. पोट्टी कोनावर गेली? आईवर का बापावर?"

मघापासून मुकी झालेली शोभा एक क्षणही थांबली नाही. "माझ्यावर."

पुष्पाताईंनी परत एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांची खात्री पटत नव्हती. सोयरीक माझ्या डोळ्यांसमोर परत हलायला लागली, आणि मी दोन्ही हात जोडले.

"देवाशपथ सांगतो, ताई. बापाचं काईच नाई घेतलं पोरीनं."

"मंग जमलं," पुष्पाताई म्हणाल्या.